‘मध्यम अवलंब ६८ टक्के’: शेतकरी नवं तंत्र का घेतो, याचं मॉडेल कसं बांधावं

दरवर्षी मार्च लागला की माझ्या व्हॉट्सॲपवर एक्सेलच्या फायली येऊ लागतात. एमएस्सी ॲग्रीची पोरंपोरी, प्रबंध जमा करायला सहा आठवडे राहिलेले, आणि निरोप ठरलेला: ‘मॅडम, तेवढं लॉजिट लावून द्या ना.’ लॉजिट म्हणजे ‘हो की नाही’ या उत्तराची शक्यता कशाकशावर ठरते ते काढायचं समीकरण. मी बावीस वर्षं कृषी सांख्यिकी शिकवली, आता लातूरला घरीच असते, त्यामुळे नाही म्हणायला निमित्त सापडत नाही. फाईल उघडावी तर आत १२० ओळी. दोन तालुके, तालुक्यात सहा गावं, गावात दहा शेतकरी. आमच्याकडच्या विस्तार शिक्षणात, म्हणजे शेतकऱ्यापर्यंत नवं तंत्र पोचवायच्या शास्त्रात, हा आकडा इतका मुरलाय, की कुणी ११७ आणले तर मीच दचकते.

त्या फाईलमध्ये एक तक्ता आधीच तयार असतो. प्रत्येकाच्या अवलंबाला, म्हणजे त्यानं नवं तंत्र किती वापरलं त्याला, गुण द्यायचे, सरासरी काढायची. सरासरीतून एक प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून साधारण किती पांगलेत त्याचं माप) वजा केलं की त्याखालचे ‘कमी’, मिळवलं की त्यावरचे ‘जास्त’, उरलेले ‘मध्यम’. निष्कर्ष: बहुसंख्य शेतकऱ्यांचा अवलंब मध्यम आढळला, ६८ टक्के. आता, घंटेच्या आकारात पसरलेल्या कुठल्याही आकड्यांवर ही कात्री चालवा, मधल्या तुकड्यात ६८ टक्क्यांच्या आसपासच पडतात. शेतकऱ्यांच्या चपलांचे नंबर मोजले असते तरी ‘मध्यम चप्पल ६८ टक्के’ आलं असतं. हे कात्रीचं कर्तृत्व आहे, शेतकऱ्याचा त्यात काही संबंध नाही.

तेव्हा एकदाच सगळं लिहून ठेवतेय. फाईल पाठवायच्या आधी वाचा. खरं तर मुलाखत अनुसूची, म्हणजे शेतकऱ्याला विचारायच्या प्रश्नांची यादी, छापायला टाकायच्या आधी वाचा, कारण मॉडेलचं बरंवाईट तिथंच ठरून गेलेलं असतं. उदाहरण एकच घेते: बीबीएफवरचं सोयाबीन, म्हणजे रुंद वरंबा सरी. माझं माहेर औसा तालुक्यातलं, भाऊ अजून कसतो, त्यामुळे हा विषय घरचा आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ट्रॅक्टरमागचं यंत्र एकाच फेरीत वरंबा करतं, वरंब्यावर सोयाबीन पेरतं आणि दोन्ही अंगांना सरी पाडतं. पाऊस बदाबदा पडला तर पाणी सरीतून निघून जातं, उघडीप लांबली तर वरंब्यात ओल धरून राहते, बियाणंही एकरी बॅगेपेक्षा कमी लागतं. कल्पना नवी नाही. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेनं काळ्या जमिनींसाठी ती १९७० च्या दशकातच उभी केली. पन्नास वर्षं होत आली आणि अजून आमच्या शिवारातली बरीचशी पेर सपाटच आहे.

‘हो’ म्हणजे काय

चार वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीबरोबर मी गावात गेले होते. बांधावर सत्तरी ओलांडलेले एक आबा बसलेले. तिनं अनुसूची उघडली.

‘आबा, तुम्ही बीबीएफ करता का?’

‘करतो की.’

तिनं १ लिहिला. मी रानाकडे पाहिलं. वरंबा कुठंच नाही. सपाट पेर, पण दर पाच ओळींनंतर एक ओळ रिकामी, आणि त्या जागी वीतभर खोल सरी.

‘आबा, ट्रॅक्टर कुणाचा लावला होता?’

‘ट्रॅक्टर कशाला? एका आड एका तासाला तिफणीच्या नळ्यात बोळा घातला. मग कोळप्याला दोरी गुंडाळून ओढली सरी. पाणी निघायला सरी लागती बाई, यंत्र कशाला लागतंय?’

पोरीनं १ खोडला आणि ० केला. मी तिला थांबवलं खरं, पण काय लिहायचं ते मलाही लगेच सुचलं नाही. आबांनी यंत्र घेतलं नव्हतं, यंत्राचं तत्त्व घेतलं होतं. संशोधनाचा प्रश्न ‘यंत्राची मागणी किती’ असा असेल तर ते शून्य. प्रश्न ‘पाण्याचा निचरा आणि ओल यांसाठी शेतकरी काही करतो का’ असा असेल तर ते एक, आणि गावातल्या कित्येक यंत्रवाल्यांपेक्षा जास्त विचारपूर्वक एक.

म्हणून पहिला नियम. ‘अवलंब केला का’ हा प्रश्न अनुसूचीत घालूच नका. त्याचे तुकडे करा. सरी आहे का? ती पेरताना पडली की नंतर काढली? कशानं? यंदा सोयाबीन एकूण किती एकर, त्यातलं वरंब्यावर किती? पहिल्यांदा कोणत्या खरिपात? मागच्या वर्षी केलं होतं का? प्रत्येक उत्तराला वेगळा रकाना. जोडाजोड करून निर्देशांक काढायचा मोह सगळ्यांनाच होतो, पण एकदा बेरीज केली की आबा आणि यंत्रवाला एकाच सरासरीत विरघळतात आणि पुन्हा वेगळे करता येत नाहीत. रकाने राहिले तर निर्देशांक कधीही काढता येतो.

शक्य असेल तर बांधावरच विचारा. चावडीवर खुर्ची टाकून विचारलं तर सगळेच ‘करतो की’ म्हणतात.

‘नाही’ चार प्रकारचं असतं

मला सांगायचंय ते मुख्यतः हेच. फाईलमध्ये जो ० असतो, त्याच्या पोटात चार वेगवेगळी माणसं दडलेली असतात. एकानं बीबीएफ ऐकलेलंच नाही. दुसऱ्यानं ऐकलंय, करायचंही आहे, पण यंत्र मिळालं नाही. तिसऱ्याला मिळत होतं, त्यानं हिशेब केला आणि नको म्हटलं. चौथ्यानं दोन वर्षं केलं आणि सोडून दिलं. या चौघांना एकाच शून्यात कोंबून वर ‘शिक्षणाचा अवलंबाशी धन आणि लक्षणीय संबंध आढळला’ असं लिहायचं, याला काय अर्थ आहे? शिकलेल्या माणसाच्या कानावर गोष्ट लवकर पडते, एवढंच कदाचित त्यात असेल. निर्णयाच्या वेळी शिक्षणाचा काहीच हात नसेल. तुमचा गुणांक, म्हणजे एखाद्या कारणाचा जोर दाखवणारा मॉडेलमधला आकडा, दोन्ही एकत्र दळून देतो.

या विषयातले जुने अभ्यास याच फाट्यावर उभे आहेत. रायन आणि ग्रॉस यांनी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात दोन वस्त्यांमधल्या शेतकऱ्यांना संकरित मक्याबद्दल विचारलं. त्यांचा लेख १९४३ चा. २५९ शेतकऱ्यांपैकी दोन सोडून सगळ्यांनी १९२८ ते १९४१ या काळात ते बियाणं घेतलं होतं. बहुतेकांनी पहिल्यांदा ऐकलं विक्रेत्याकडून, पण मन वळलं ते शेजाऱ्यामुळे. म्हणजे ऐकणं आणि पटणं यांची दारंच वेगळी. पुढं १९५७ साली झ्वी ग्रिलिकेस यांनी त्याच मक्याचे राज्याराज्यांचे आकडे घेतले, प्रत्येक राज्याला एसच्या आकाराची रेषा बसवली आणि एक फार मोलाची गोष्ट वेगळी काढली: बियाणं त्या भागात कधी उपलब्ध झालं, आणि उपलब्ध झाल्यावर लोकांनी किती वेगानं घेतलं. दक्षिणेकडची राज्यं मागं पडली, त्यात तिथल्या हवामानाला चालेल असा संकर उशिरा तयार झाला आणि बियाणं कंपन्या उशिरा पोचल्या, हाही मोठा भाग होता. घेणाऱ्यावर खापर फोडण्याआधी देणारा कधी आला ते बघा.

आमच्याकडे हा देणारा म्हणजे ट्रॅक्टरवाला. कृषी विभाग सांगतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. बरोबरच आहे. पण तेवढा पाऊस सगळ्या गावावर एकाच आठवड्यात होतो, वापसा (पेरण्याजोगी ओल) एकदमच येतो, आणि पेरायला चार-पाच दिवस मिळतात. गावात बीबीएफचं यंत्र एक. तो आधी स्वतःचं रान उरकतो, मग भावकीचं, मग ज्यांची मागची उधारी चुकती आहे त्यांचं. बाकीचे आभाळाकडे बघतात आणि तिसऱ्या दिवशी साध्या पेरणीयंत्राला बोलावतात. या माणसाला तुम्ही अनुसूचीत ‘जोखीम घेण्याची वृत्ती’ विचारता आणि पाचपैकी दोन गुण देता.

म्हणून हे प्रश्न क्रमानं विचारा, आधीच्याला ‘हो’ आलं तरच पुढचा. बीबीएफबद्दल ऐकलंय का, कुणाकडून, साधारण कधी? पेरणीच्या आठवड्यात यंत्र मागितलं असतं तर मिळालं असतं का? कुणाचं? तो तुमचा कोण लागतो? यंदा नंबर कितवा आला? आणि ज्याला मिळत असूनही केलं नाही त्याला: का नाही? या शेवटच्या उत्तराला पर्याय छापू नका, त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा. मला एकानं सांगितलं, ‘वरंब्यावर बैलाचं कोळपं सरळ चालत नाही, म्हणजे तणनाशकाचा खर्च आला.’ हे कारण कुठल्याही छापील यादीत मी पाहिलं नव्हतं.

सोडून देणाऱ्याला मागास समजू नका. केनियातल्या संकरित मक्यावर तवनीत सुरी यांनी २०११ मध्ये दाखवलं, की जे शेतकरी कधी घेतात कधी सोडतात त्यांना त्या बियाण्यातून निव्वळ फायदा जवळपास शून्य होता. आणि काहींना उत्पन्न भरपूर वाढलं असतं, पण बियाणं-खत पोचण्याचा खर्चच इतका की त्यांनी घेतलं नाही. सरासरी फायदा बघून ‘सगळ्यांनी घ्यायलाच हवं होतं’ म्हणणं सोपं असतं.

मॉडेलमध्ये हे आणायचं कसं? साधा मार्ग: तीन वेगळी लॉजिट मॉडेलं. सगळ्यांवर ‘ऐकलं का’. ऐकलेल्यांवर ‘मिळत होतं का’. ऐकलेल्या आणि मिळत असलेल्यांवर ‘केलं का’. प्रत्येकात वेगळी कारणं बोलतील. फक्त ऐकलेल्यांनाच पुढं नेल्यानं येणारा निवडीचा दोष दुरुस्त करायला हेकमनची पद्धत आहे, पण तिला असा एक व्हेरिएबल, म्हणजे मोजलेला घटक, लागतो जो ऐकण्यावर परिणाम करतो आणि निर्णयावर अजिबात करत नाही. तो हाताशी नसेल तर ओढूनताणून हेकमन लावू नका. तीन मॉडेलं द्या आणि मर्यादा सरळ लिहा.

यादी कुठून आली

माझी स्वतःची फजिती सांगते. पहिल्यांदा असं काम केलं तेव्हा मी ‘अवलंब केलेले’ साठ शेतकरी एका कार्यालयाच्या प्रात्यक्षिकांच्या यादीतून घेतले आणि ‘न केलेले’ साठ गावात फिरून. मॉडेल लावलं. ‘कृषी सहाय्यकाशी संपर्क’ या व्हेरिएबलचा गुणांक गगनाला भिडला आणि त्याची स्टँडर्ड एरर, म्हणजे तो गुणांक किती डळमळीत आहे त्याचं माप, हजारांत गेली. आकडेमोडीच्या आर सॉफ्टवेअरनं लाल अक्षरांत इशारा दिला, की काही संभाव्यता थेट ० किंवा १ येताहेत. मला वाटलं सॉफ्टवेअरचं काही बिघडलं. दोन दिवस घालवल्यावर उजेड पडला: यादीच सहाय्यकानं केलेली. ज्याचा संपर्क नाही तो त्या यादीत येणारच कसा? साठच्या साठ ‘हो’. मी संपर्काचा परिणाम मोजतच नव्हते, यादी कशी बनली ते मोजत होते.

ठिबकवर काम करणाऱ्यांनी तर हे कोरून ठेवावं. अनुदानासाठी मोका तपासणी, म्हणजे प्रत्यक्ष रानात येऊन पाहणी, होते, म्हणजे ज्याच्या रानात अनुदानाचं ठिबक आहे त्याच्याकडे कृषी खात्याचा माणूस येऊन गेलेलाच असतो. तिथं ‘वर्षभरात संपर्क किती वेळा’ विचाराल तर परिणामालाच कारण समजून बसाल. ‘ठिबक घ्यायच्या आधीच्या वर्षी’ असं विचारा.

नमुना काढायचा तर गावातल्या सोयाबीनवाल्यांची पूर्ण यादी आधी करा. ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी (मोबाईलवरून पिकाची नोंद) सुरू झाल्यावर ही यादी करायला आधार मिळतो. पण खातेदार म्हणजे कसणारा नव्हे हे विसरू नका. अनुदानात बसावं म्हणून किंवा वाटणीमुळे जमीन तिघांच्या नावावर असते आणि चूल एकच. ‘नावावर किती’ आणि ‘कसता किती’ हे दोन प्रश्न. निर्णय कोण घेतो, हा तिसरा. सातबारा आजोबांचा, शिक्षण बापाचं लिहिलेलं, आणि पेरणीचं सगळं ठरवतो मोबाईलवाला नातू, असे नमुने मी डझनानं पाहिलेत.

साठ-साठ घेतलेच असतील, प्रत्येक गटातून चिठ्ठ्या टाकून, तर रडत बसू नका. लॉजिटमध्ये बाकीचे गुणांक ठीक राहतात, फक्त स्थिरांक, म्हणजे समीकरणातला सुरुवातीचा सुटा आकडा, खोटा येतो, कारण तुमच्या फाईलमध्ये निम्मे लोक बीबीएफवाले आहेत आणि गावात तसं नाही. समजा यादीवरून कळलं, की प्रत्यक्षात दहा टक्केच करतात. तर स्थिरांकातून ९ चा नैसर्गिक लॉग, म्हणजे २.२ वजा करा. नव्वद भागिले दहा, म्हणून नऊ. त्यानंतरच संभाव्यता काढा. ही सवलत लॉजिटची आहे, प्रोबिट या त्याच्या भावंड-मॉडेलला लागू नाही.

आकडेमोड

इथं बहुतेकांना वाटतं की खरं काम सुरू झालं. खरं तर बरंचसं संपलेलं असतं.

गुणांक वाचायला शिका. समजा, हिशेबापुरतं, घरात किंवा भावकीत ट्रॅक्टर असलेले १०० शेतकरी, त्यांतले ६० बीबीएफ करतात. ट्रॅक्टर नसलेले १००, त्यांतले ३०. ऑड्स म्हणजे ‘केलं’ला ‘नाही केलं’नं भागायचं: पहिल्या गटात ६० भागिले ४०, दीड. दुसऱ्यात ३० भागिले ७०, ०.४३. दीडला त्यानं भागलं की ३.५. याचा नैसर्गिक लॉग १.२५, आणि आरमध्ये तुमच्यासमोर येतो तो हाच १.२५. आता पोरं लिहितात, ‘ट्रॅक्टर असल्यास अवलंबाची शक्यता साडेतीन पट वाढते.’ साफ चूक. तीसची साठ झाली, दुप्पट. साडेतीन पट झाले ते ऑड्स, आणि ऑड्समध्ये विचार करणारा माणूस मला तरी घोड्यांच्या शर्यतीबाहेर भेटलेला नाही. टक्क्यांच्या फरकात लिहा: तीस टक्के होतं ते साठ टक्के झालं. पटकन ताडून बघायची युक्ती म्हणजे गुणांकाला चारानं भागा. १.२५ भागिले ४, ०.३१. जास्तीत जास्त एवढ्या टक्क्यांचा फरक पडू शकतो, ३१. आपला खरा फरक ३०. पाटीवर जमतं.

व्हेरिएबल किती घालायचे? ठोकळ नियम असा की ‘हो’ आणि ‘नाही’ यांत जे कमी असतील, त्यांच्या दहामागे एक. तुमच्या १२० मध्ये बीबीएफवाले तीस असतील तर तीन व्हेरिएबल. फार तर चार. मला येणाऱ्या फायलींमध्ये चौदा असतात: वय, शिक्षण, जमीनधारणा, वार्षिक उत्पन्न, सामाजिक सहभाग, प्रसारमाध्यमांचा वापर आणि बाकी नेहमीची वरात. मार्गदर्शकांनी मागच्या प्रबंधातून दिलेले असतात, आणि मागच्यानं त्याच्या मागच्यातून. प्रत्येकासाठी एक वाक्य लिहा: हा व्हेरिएबल अवलंबावर नेमका कसा परिणाम करेल? वाक्य जमलं नाही तर काढून टाका.

आणि जमीन आणि ट्रॅक्टर एकाच मॉडेलमध्ये घालताना थांबा. जमीन जास्त म्हणून ट्रॅक्टर घेतला, ट्रॅक्टर आहे म्हणून बीबीएफ झालं, असा रस्ता असेल तर ट्रॅक्टर घातल्यावर जमिनीचा गुणांक आक्रसतो आणि तुम्ही लिहिता, ‘जमीनधारणेचा संबंध आढळला नाही.’ जमिनीचा पूर्ण परिणाम हवा असेल तर ट्रॅक्टर बाहेर ठेवा. आधी कागदावर बाण काढा, कशातून काय येतं त्याचे. सॉफ्टवेअरला बाण कळत नाहीत.

‘मॉडेलनं ८२ टक्के अचूक वर्गीकरण केलं’ हे वाक्य तर बंदच करा. शंभरात ऐंशी जण करत नसतील, तर डोळे मिटून सगळ्यांना ‘नाही’ म्हणणारा पोपटही ऐंशी टक्के अचूक असतो.

स्टँडर्ड एररचं मात्र नीट ऐका. एका गावातले दहा शेतकरी म्हणजे दहा स्वतंत्र साक्षी नव्हेत. एकच पाऊस, एकच ट्रॅक्टर. वर सांगितलेल्या गावात यंत्रवाल्यानं त्या वर्षी भाड्यानं जायचं नाही असं ठरवलं, तर दहाही शून्य. तुम्ही मोजलेले निर्णय दहा, प्रत्यक्षात झालेला निर्णय एक, आणि तो तुमच्या यादीत नसलेल्या माणसाचा. म्हणून गावाप्रमाणे गट धरून स्टँडर्ड एरर काढा. आरमध्ये त्याची तयार पॅकेजं आहेत. पण गावं बाराच असतील तर त्या दुरुस्तीवरही फार विसंबू नका. माझं ऐकाल तर बारा गावांत दहा-दहा घेण्यापेक्षा चोवीस गावांत पाच-पाच घ्या. एसटीचं भाडं वाढेल, मान्य. आणि प्रत्येक गावातल्या ट्रॅक्टरवाल्याची वेगळी मुलाखत घ्या. छोटी, दहा प्रश्नांची. आजवर मला आलेल्या फायलींत ती कुणीही घेतलेली नाही.

एकरांचं थोडक्यात. ‘केलं की नाही’ आणि ‘किती एकरांवर’ हे दोन निर्णय आहेत. दहा एकरवाला दोन एकरांवर करून बघतो. तीन एकरवाल्यानं केलं तर तिन्हीवर, कारण ट्रॅक्टर दोनदा कोण बोलावणार? दोन्ही निर्णय एकाच समीकरणात बसवणारं टोबिट मॉडेल असं धरून चालतं, की जी गोष्ट पहिल्या निर्णयाला ढकलते तीच दुसऱ्यालाही त्याच दिशेनं ढकलते. इथं जमीन पहिल्याला पुढं आणि दुसऱ्याला मागं ढकलते. अशा वेळी क्रॅगचं १९७१ चं दोन टप्प्यांचं मॉडेल घ्या. ते अवघड नाही: एक लॉजिट किंवा प्रोबिट सगळ्यांवर, आणि मग फक्त करणाऱ्यांवर एकरांच्या हिश्श्याचं वेगळं समीकरण.

वर्ष विचारा, पण तारीख विचारू नका

एका खरिपाचा फोटो काढून ‘का’ कळत नाही. आज करतो तो कधीपासून करतो, हे कळलं तर त्या-त्या वर्षाचा पाऊस आणि भाव हिशेबात घेता येतो. त्यासाठी ओळी बदला. एका शेतकऱ्याची एक ओळ न ठेवता, दर खरिपाला एक. समजा एकाला २०१८ मध्ये कळलं आणि त्यानं २०२१ मध्ये केलं. त्याच्या चार ओळी: २०१८ ला ०, २०१९ ला ०, २०२० ला ०, २०२१ ला १, आणि तिथं त्याचं खातं बंद. अजून न केलेल्याच्या ओळी यंदापर्यंत शून्यच. प्रत्येक ओळीत त्या वर्षीचा जूनचा पाऊस, आदल्या वर्षीचा भाव, त्या वर्षी गावात यंत्र होतं की नव्हतं. या सगळ्यावर तेच साधं लॉजिट चालवा, फक्त ‘कळून किती वर्षं झाली’ हा व्हेरिएबल जोडा. कळलं त्या दिवसापासून घड्याळ सुरू करा, जन्मापासून नको.

अडचण आठवणीची. ‘कोणत्या साली’ विचारलं की माणूस ‘झाली की चार-पाच वर्षं’ म्हणतो, आणि ही चार-पाच दोनपासून नऊपर्यंत काहीही असतात. खुणा वापरा. लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते वर्ष, म्हणजे २०१६. पेरलेलं सोयाबीन उगवलंच नाही म्हणून बोंब झाली ते कोरोनाचं वर्ष, २०२०. भाव दहा हजारांवर गेला तो २०२१. पिवळ्या मोझॅकनं राना-रानात पिवळं झालं ते २०२३. ‘त्याच्या आधी की नंतर?’ एवढं विचारलं की माणूस बायकोला हाक मारतो, दोघं मिळून थोरलीच्या लग्नाचा हिशेब लावतात, आणि वर्ष बरोबर निघतं.

शेजाऱ्यांचा परिणाम मोजायचा असेल तर ‘गावातले किती टक्के करतात’ हा व्हेरिएबल घालून मोकळे होऊ नका. मी शेजाऱ्यासारखा वागतो की आम्हा दोघांवर एकच पाऊस पडला? की तो माझ्यासारखा वागतो? चार्ल्स मॅन्स्की यांनी १९९३ मध्ये हा आरशाचा घोळ मांडला: आरशातली प्रतिमा हलली की माणूस हलला, हे नुसतं बघून सांगता येत नाही. घानातल्या अननसवाल्यांवर कॉन्ली आणि उड्री यांनी काम केलं (लेख २०१० चा), तेव्हा त्यांनी आधी विचारून घेतलं की तू शेतीचं कुणाशी बोलतोस. मग ज्याच्याशी बोलतो त्याला अनपेक्षित नफा झाल्यावर हा खताचं प्रमाण त्याच्या दिशेनं बदलतो का, ते पाहिलं. आपल्याकडे निदान पहिला भाग करता येतो. तीन नावं विचारा: पेरणीआधी कुणाशी बोललात? बांधाला बांध लागून असलेला माणूस त्या तिघांत असेलच असं नाही. बांधावरून भांडण असेल तर नक्कीच नसतो.

मॉडेल झालं की एक काम उरतं. प्रत्येक शेतकऱ्याची मॉडेलनं काढलेली संभाव्यता एका रकान्यात घ्या आणि सगळ्यात जास्त चुकलेले पाच शोधा. मॉडेल म्हणतं ०.९ आणि माणूस म्हणतो नाही, असे. त्यांना फोन करा. मागच्या वर्षी एका मुलानं माझ्यासमोर बसून केला. बारा एकर, चुलतभावाचं यंत्र, बीएस्सी झालेला, ऐकलेलं २०१७ पासून. सगळं जुळतंय, तरी सपाट पेर.

‘दादा, तुम्ही बीबीएफ का नाही केलं?’

पलीकडे जरा शांतता. मग तो म्हणाला, ‘रान बटईचं आहे हो. मालक पुण्याला. सरीमुळं ओळी कमी बसल्या की त्याला वाटतं मी रान पडीक ठेवलं.’

जमीन कुणाची, हा रकाना आमच्या अनुसूचीत नव्हता. १२० जणांना पुन्हा गाठायला वेळ नव्हता, एकाच्या उत्तरावरून नवा व्हेरिएबल घालता येत नाही. त्याचं वाक्य त्या मुलानं मर्यादांच्या पानावर जसंच्या तसं टाकलं, आणि पुढच्या वर्षीच्या पोरीच्या अनुसूचीत आम्ही पहिल्याच पानावर ‘कसता किती’च्या खाली एक ओळ वाढवली: त्यातली स्वतःची किती, बटईची किती, आणि पेर कशी करायची ते कोण ठरवतं.